दाभोळच्या खाडीतून छोटी बोट समुद्रात नेण्याआधी

तयारीची सुरुवात पंचांगापासून करा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मिनिटांचा हिशेब छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्का करा. हे आधी एवढ्यासाठी, की दुपारी खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा चढतो आणि उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, नेमकी तेव्हाच ओहोटी जोरात असते. बाहेर धावणारं पाणी समोरच्या वाऱ्याला भिडतं आणि खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर आखूड, उभ्या लाटा फुटतात. सोळा-अठरा फुटी बोट उलटते ती बहुधा तिथे, परतताना. म्हणून पंचमी-षष्ठीचा दिवस घ्या. सकाळी सातला ओहोटी आणि मतलई (जमिनीकडून वाहणारा) वारा दोन्ही तुम्हाला बाहेर नेतात, पट्ट्यावर पाणीही पुरेसं असतं. दुपारी दीडच्या आसपास भरतीबरोबर आत या. जूनपासून पावसाळाभर बोट वरच ओढून ठेवा.

बोट पाण्यात सोडण्याआधी तळाचं बूच हाताने पिळून बघा. पेट्रोलचे तीन भाग धरा: जायला एक, यायला एक, शिल्लक एक. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 सांगितलं असेल तर लिटरमागे 20 मिली तेल. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर दहा-पंधरा मिनिटांत इंजिन गुदमरतं आणि बिघाड भलतीकडेच शोधला जातो. इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. धार नसेल तर लगेच बंद करा, पाण्याच्या वाटेत चिखल किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं. किल स्विचची (ओढताच इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी. लाइफ जॅकेट जेट्टीवरच घाला, बक्कल लावून. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

नांगराची दोरी मोजताना भरती विसरू नका. पाणी चार मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची एक, वर दोन मीटर चढणार, म्हणजे सात. त्याच्या पाचपट, 35 मीटर दोरी सोडा, नांगराजवळ थोडी साखळी. नांगर नेहमी नाळेवरून, मागून कधीच नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोट आडवी जाते, तिच्या पुढून घुसू नका. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. आडव्या वाटेवर जो तुमच्या उजव्या हाताला, त्याला वाट द्या. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने बाजूने जायचं. जाळी ओढणाऱ्या होडीपासून आणि अंजनवेलच्या बाजूला येणाऱ्या गॅसच्या जहाजापासून लांब राहा, त्यांना चटकन वळता येत नाही. भोंगा एकदा म्हणजे उजवीकडे, दोनदा डावीकडे, तीनदा इंजिन उलटं. पाच म्हणजे ‘तुमचा इरादा कळत नाही’. आत येताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे, हिरवा उजवीकडे. जाळ्यांच्या तरंगत्या डब्यांपासून पंखा वाचवा, आणि सुरी हाताशी ठेवा.

परतताना पट्ट्याबाहेर दहा मिनिटं थांबून लाटा बघा. मोठ्या दोन-चार लाटा जाऊ द्या, मग एका लाटेच्या पाठीवर राहून आत या. तिच्या पुढे गेलात तर नाळ खुपसते आणि बोट आडवी होते. सगळीकडेच फुटत असेल तर खोल पाण्यात थांबा, भरती वाढू द्या. किनाऱ्यावरच्या माणसाला परतीची वेळ, माणसं आणि बोटीचा रंग लिहून द्या. वेळ टळून तासभर झाला की त्याने तटरक्षक दलाला 1554 वर फोन करायचा.