मकाऊला चाललात का भाऊ? मग हे वाचून घ्या

नागपूरहून हाँगकाँगची टूर करणारे बरेच जण मकाऊ एका दिवसात उरकतात. सकाळी बोट, दुपारी व्हेनेशियन नावाच्या मोठ्या कसिनो-हॉटेलात फोटो अन् संध्याकाळी वापस. असं नका करू बाप्पा. एक रात्र तरी राहा, तीही सोम ते गुरुवारात, कारण शनिवार-रविवारी हॉटेलचे रेट पार चढलेले असतात.

आधी कागदपत्रं. मकाऊला भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण आपण मुंबई नाहीतर दिल्ली करून उतरणार हाँगकाँगला, अन् तिथे शिरायला ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागतं. फुकट आहे, पण ते मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि निघायच्या आधी सरकारी साइटवर नियम एकदा पाहूनच घ्या. हाँगकाँगहून फेरीने साधारण तासभर, नाहीतर 2018 ला सुरू झालेल्या 55 किलोमीटरच्या पुलावरून बस, जी रात्रंदिवस चालते आणि फेरीपेक्षा बरीच स्वस्त पडते. ज्याला बोटीत मळमळतं त्यानं तर बसच धरावी. पोचल्यावर टॅक्सीच्या मागे धावू नका, मोठ्या कसिनोंच्या फुकट बस बाहेरच लागलेल्या असतात.

आता खरं मकाऊ, म्हणजे जुनं गाव. सकाळी लवकर निघा, गर्दी वाढायच्या आत. सेनाडो चौकात पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, गल्ल्यांची नावं निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर पोर्तुगीज अन् चिनी दोन्हीत. पोर्तुगीज इथे 1557 पासून होते, गेले 20 डिसेंबर 1999 ला, आपलं गोवा सुटल्यावर तब्बल 38 वर्षांनी! पुढे सेंट पॉलचं चर्च, जे 1835 च्या आगीत जळालं आणि आता फक्त दर्शनी भिंत उरलीय. लोक पायऱ्यांवर सेल्फी काढून परत फिरतात, तुम्ही मात्र भिंतीकडे नीट पहा, वरच्या बाजूला मेरी सात डोक्यांच्या सापाला तुडवताना दिसेल अन् बाजूला चक्क चिनी अक्षरं कोरलेली आहेत. शेजारीच मोंते किल्ला, 1622 ला डचांनी हल्ला केला तेव्हा इथूनच तोफा डागल्या होत्या. चढ थोडासाच आहे, जाऊन या.

कसिनो संध्याकाळी. वय 21 पूर्ण पाहिजे, पासपोर्ट जवळ ठेवा, खेळाच्या टेबलांचे फोटो काढायचे नाहीत. आत जायला सहसा तिकीट नसतं, गोव्याच्या बोटींवर एन्ट्रीलाच पैसे मोजावे लागतात तसं नाही. जिकडे पहाल तिकडे बॅकरा हा पत्त्यांचा जुगार, आणि एका डावावर कमीत कमी लावायची रक्कमच एवढी असते की पगारदार माणसानं नुसतं पाहावं. पाहायला मजा येते, एकेक जण पत्ता असा कोपऱ्यातून हळूहळू दुमडत उघडतो की आपल्यालाच टेन्शन येतं.

खायचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी ठेपले-चिवडा सोबत ठेवा, उगाच हाल नको. अंडं चालत असेल तर मकाऊतल्याच कोलोआन भागात लॉर्ड स्टोज बेकरीचा एग टार्ट गरम गरम खा. आफ्रिकन चिकन तिथलं फेमस आहे, मसालेदार म्हणतात, पण सावजी खाणाऱ्याला फिकंच लागेल. बदामाची बिस्किटं घेताना चरबी आहे का ते विचारून घ्या, कधीकधी डुकराची असते.

पैशाचं म्हणजे तिथलं चलन पटाका, पण हाँगकाँग डॉलर दुकानात बिनधास्त चालतो, तेव्हा वेगळं काही बदलून घ्यायची गरज नाही. फक्त सुट्टे परत घेताना हाँगकाँग डॉलरच मागा, पटाका हाँगकाँगला कोणी घेत नाही.