हरणाचं हृदय काळजासारखं शिजवू नका

पहिलं हृदय माझ्या घरी आलं ते ब्रेडच्या रिकाम्या पिशवीतून. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या) आधीचा शनिवार, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरणाच्या शिकारीच्या नऊ दिवसांतला पहिला. संध्याकाळी सहाला शेजारचे आजोबा शिकारीचं भडक नारंगी जाकीट अंगात असतानाच दारात उभे. आजी गेल्यापासून त्यांच्या घरात हे कुणी खात नाही, त्यांना टाकवत नाही, आणि मी वजडीसुद्धा खाते हे त्यांना माहीत. मी लगेच कराडला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच. "आई, हरणाचं काळीज मिळालंय, कसं करू?" आई झोपेतच म्हणाली, कांद्यावर परत, दहा-बारा मिनिटं झाकण ठेव, काळीज लगेच होतं. तसंच केलं. सायकलची ट्यूब चावल्यासारखं लागलं.

चूक आईची नव्हती, शब्दाची होती. आपलं काळीज धडधडतं, तुटतं, पाणी-पाणी होतं ते छातीत. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक यकृत तोलतो. हृदय हवं तर 'दिल' म्हणावं लागतं. आईनं यकृताची कृती सांगितली, मी हृदयाला लावली. यकृत मऊ, भुसभुशीत. हृदय हा स्नायू, जन्मभर न थांबता चाललेला. त्याला एक तर झटपट मोठ्या आचेवर काढायचं, नाहीतर कुकरमध्ये चांगलं अर्धा तास ठेवायचं. मधलं दहा-बारा मिनिटांचं प्रकरण वाईट. बाकी चव यकृतासारखी मुळीच नाही. चांगल्या लाल मटणासारखी आहे.

पुढे जाण्याआधी एक सांगते. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्याचं मांस घरात बाळगणंही. गावाकडे कुणी 'सोय होते' म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खालची कृती बोकडाच्या दिलालाही चालते. इथेसुद्धा शिकारीचं मांस विकता येत नाही, फक्त देता येतं. त्यामुळे बाजारात शोधू नका, शेजार सांभाळा.

आधी थांबा

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. इथल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, हरणाला झिजवून मारणारा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला. तो प्रायॉनमुळे होतो, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे. जंतू नसल्यानं उकळून, तळून, कुकरला लावून तो जात नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या हरणात सापडला त्याचं मांस खाऊ नये, असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. शिकारी हरणाचं डोकं तपासणीच्या पेटीत टाकतो, मानेतल्या गाठी तपासतात, आणि निकाल यायला दीड-दोन आठवडे लागतात. तोवर माझ्याकडे हृदय स्वच्छ करून, कोरडं पुसून, बटर पेपर आणि वर प्लॅस्टिक अशा दुहेरी गुंडाळीत फ्रीजरमध्ये. वर मार्करनं तारीख आणि 'निकाल बाकी'. आजोबांचा 'रोग नाही' असा निरोप आला की मगच बाहेर.

याच कारणानं मेंदू, डोळे, पाठीच्या कण्यातला मगज, प्लीहा आणि गाठी या वस्तूंचं नाव काढू नका. भेजा फ्रायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू. जीभ डोक्याबरोबरच तपासणीला जाते, तिचा प्रश्न मिटतो. वजडीसाठी मी एकदा डोळे बारीक करून बघितलं, पण आजोबा पोट जंगलातच काढून येतात. ते गरुड आणि कावळे खातात. त्यांचं त्यांना लखलाभ.

साफसफाई

हृदय मुठीपेक्षा मोठं असतं, पाव किलोच्या वर आणि अर्ध्या किलोच्या आत. गोळी त्यातूनच गेली असेल तर ते हृदय सरळ टाकून द्या. शिशाचे बारीक कण लांबपर्यंत जातात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. मग गार पाण्याखाली धरून अंगठ्यानं दाबा. आतल्या कप्प्यांतून रक्ताच्या गाठी जांभळाच्या रंगाच्या निघतील. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात बुडवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पाणी एकदा बदला. सकाळी पाणी फिकट गुलाबी दिसायला हवं.

आता पाटावर घ्या. वरच्या टोकाला चरबीचा पांढरा, कडक मुकुट असतो आणि त्यातून रबरी नळ्यांची तोंडं बाहेर आलेली असतात. हे सगळं आडवं कापून टाका. हरणाची चरबी बोकडाच्या चरबीसारखी नाही: गार होताना मेणासारखी टाळूला चिकटते, आणि मग अख्ख्या जेवणभर तोंडात मेणबत्ती. एक कण ठेवू नका.

मग एका बाजूनं उभा छेद द्या आणि वही उघडावी तसं उघडा. एक भिंत जाड, एक पातळ दिसेल. जाड ती डावी, सगळ्या अंगाला रक्त ढकलणारी. आत पांढऱ्या झडपा आणि त्यांना बांधलेले दोरे असतात, विणकाम अर्धवट सोडल्यासारखे. बोटानं एकेक दोरा उचलायचा आणि सुरीच्या टोकानं मुळाशी कापायचा. या कामाला मला वीस मिनिटं लागतात, रेडिओ लावून बसते. बाहेरून एक चकचकीत पातळ पापुद्रा असतो. सुरी त्याखाली सरकवून सोलून काढा. एवढं झाल्यावर जे उरतं ते निव्वळ गडद लाल मांस. जाड भिंतीच्या एक सेंटीमीटरच्या पट्ट्या काढा, पातळ भाग रश्श्याला ठेवा.

तव्यावर

पट्ट्यांना आलं-लसणाचं वाटण, हळद, चमचाभर कांदा-लसूण मसाला आणि तेल चोळून तासभर ठेवा. मीठ आत्ता नको, पाणी सुटेल. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. या मांसात चरबी नावाला नाही, तेव्हा तेलाला हात आखडू नका. एका वेळी सहा-सातच पट्ट्या, नाहीतर तवा गार पडून मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं. दीड-दोन मिनिटं एक बाजू, तेवढीच दुसरी. उतरवताना मीठ, लिंबू, वरून कच्चा कांदा.

इथले शिकारी आत गुलाबी ठेवतात आणि तेच खरं म्हणतात. मी ठेवत नाही. हरणाच्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो, आणि २०१७ साली याच राज्यात अर्धकच्चं हरण खाऊन माणसं आजारी पडली होती. मांसात खुपसायचं थर्मामीटर घ्या, आत ७१ अंश सेल्सिअस दिसलं की त्याच क्षणी उतरवा. एक सेंटीमीटरची पट्टी तेवढ्यानं वातड होत नाही, पुढचं मिनिट मात्र तिला मारतं. गरोदर बाईनं तर 'थोडं गुलाबी चालतं' हे कुणाचंही ऐकू नये.

कुकरमध्ये

उरलेल्या पातळ तुकड्यांचा रस्सा. दोन कांदे आणि वाटीभर सुकं खोबरं खरपूस भाजा, लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर बारीक वाटा. (खोबरं आणि ज्वारीचं पीठ मला तीन तासांवरच्या मिलवॉकीहून आणावं लागतं. हिरवी मिरची आणि कोथिंबीर उन्हाळ्यात आमच्या वॉसॉ शहरातल्या हमोंग (लाओसच्या डोंगराळ भागातून आलेला समाज) बायकांकडून घेऊन फ्रीजरला टाकते. त्यांची मिरची आपल्या लवंगीला खाली बघायला लावेल.) फोडणीत मसाला, तुकडे परता, वाटण, गरम पाणी. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पंचवीस-तीस मिनिटं. तुकडा दोन बोटांत तुटायला हवा, नाही तुटला तर अजून दहा मिनिटं. नवरा माळकरी घरातला, म्हणून माझा कुकर वेगळा आणि गॅरेजमधली शेगडीही वेगळी. उणे दहा अंशांत टोपी घालून शिट्ट्या मोजते. वास मात्र त्याला आवडतो, दाराची फट ठेवून बसतो.

खरं काळीज आणि गुर्दे

यकृत घ्यायचं तर वर्षाच्या आतल्या पिल्लाचं किंवा तरुण मादीचं. म्हाताऱ्या नराच्या यकृताला लोखंडी उग्र चव असते. एक गंमत: हरणाला पित्ताशयच नसतं. बोकडाचं पित्त फुटून सगळं कडू झाल्याची जी धास्ती आपल्या हाताला असते, ती इथे सोडून द्या. पण दुसरी धास्ती धरा. यकृत बोटभर अंतरावर कापून प्रत्येक चकती उजेडात बघा. झाडाच्या पानासारखा चपटा, तपकिरी किडा किंवा काळपट पाण्यानं भरलेली गाठ दिसली तर तो यकृतातला मोठा चपटकृमी. या भागात बराच आढळतो. माणसाला तो लागत नाही म्हणतात, तरी मी ते यकृत टाकते. शिवाय हरिण कुठलं ते विचारा: मॅरिनेट गावाजवळच्या हरणांच्या यकृतात पीएफएएस ही सहजी न विघटणारी रसायनं सापडल्यावर २०२० मध्ये तिथलं यकृत खाऊ नका असं राज्यानं जाहीर केलं.

चांगलं निघालं तर दोन तास ताकात, मग आईची कृती जशीच्या तशी, फक्त झाकणाशिवाय पाच-सहा मिनिटं आणि काळी मिरी सढळ हातानं. आत तेच ७१ अंश. चार घासच खा, अ जीवनसत्त्व फार असतं, गरोदरपणी नकोच.

गुर्दे उभे चिरून आतली पांढरी गाठ कापा, मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, मोठ्या आचेवर परता. मला वास जमत नाही. हमोंग मैत्रीण गवती चहा घालून करते, तिचे खाल्ले, माझे नाही.

उरलेल्या पट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पुन्हा ट्यूब होते. गारच बारीक चिरून दोन अंड्यांच्या भुर्जीत शेवटच्या मिनिटाला टाका. रस्सा मात्र दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तीन दिवसांत संपवा. आजोबांना मी डबाभर देते. ते भाकरी बाजूला ठेवतात आणि ब्रेड बुडवून खातात.