शेपटीचा फटका, मांजराचा नायटा आणि डोळ्यातली बुरशी: काय करायचं, काय नाही

दूध काढताना गायीच्या शेपटीचा फटका डोळ्यावर बसला की आपला हात आधी डोळा चोळायलाच जातो, तेवढं करू नका. शेपटीच्या केसांत शेण, माती, भुसा अडकलेला असतो आणि फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरश्या त्यातच असतात, बुबुळावर बारीकसा ओरखडा पडला तरी त्यांना तेवढं पुरतं. लगेच स्वच्छ पाणी नाहीतर सलाईन सोडून डोळा भरपूर धुवा, लेन्स असेल तर काढा, पट्टीबिट्टी बांधू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

खरी गोची पुढे आहे. बुरशी सावकाश वाढते. आधी नुसतं खुपतं, थोडी लाली, मग काही दिवसांनी उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं आणि बुबुळावर करडा-पांढरा ठिपका येतो, कड पिसासारखी विस्कटलेली. या मधल्या दिवसांत घरातले जुने ड्रॉप्स टाकायचा मोह होतो ना, तिथेच घात होतो. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशीला रान मोकळं.

डॉक्टरला "काहीतरी गेलं डोळ्यात" एवढंच सांगू नका, शेपूट लागली हे स्पष्ट सांगा. ते बुबुळावरचं जरासं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे दिसले तर बहुतेकदा ५ टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचे ड्रॉप्स देतात, सुरुवातीला दर तास-दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बाटली हलवूनच टाका, खाली साका बसतो. हे आठवडेच्या आठवडे चालतं, वैताग येतो, पण स्वतःहून बंद केलंत तर डोळ्यात फूल पडू शकतं.

मांजराचं प्रकरण वेगळं. पिल्लाच्या कानावर केस गेलेले गोल चट्टे म्हणजे बऱ्याचदा नायटा, ते गालाशी धरलं की आपल्या पापणीवर लाल चट्टा, खवले येतात, पापणीचे केस गळतात आणि लोक रांजणवाडी समजून शेकत बसतात. अंगाला लावायचं नायट्याचं क्रीम तिथे चोपडू नका, डोळ्यात उतरतं. पिल्लालाही व्हेटकडे न्या, त्याचं अंथरूण धुवा, गळलेल्या केसांतली बुरशी वर्षभरसुद्धा जिवंत राहू शकते.

ब्राझीलमध्ये मांजरांमुळे स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी बरीच पसरलीय, तिथे आजारी मांजर तोंडावर शिंकलं तरी ती डोळ्यात जाऊ शकते, मग पापणीच्या आत गाठी येतात, कानापुढची गाठ सुजते आणि गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात. नाकावर जखमा असलेल्या मांजराला औषध पाजताना ग्लोव्हज आणि चष्मा घालाच.