एपीत बी आले असतील तर: जुनियर इयरच्या मार्चपासूनची तयारी

एपी विषयांत, म्हणजे शाळेतच घेतल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयांत, मुलाला बी ग्रेड आले असतील तर अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी काय करायचं, याची ही यादी. ती जुनियर इयरच्या (अकरावीच्या) मार्चपासून सुरू होते, पण पहिला शब्द सीनियर इयरच्या (बारावीच्या) जानेवारीतल्या कामाचा: मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड शाळेने कॉलेजांना कळवायचा कागद. मागच्या खेपेला आमच्याकडून हेच राहिलं. सीनियर इयरच्या पहिल्या सेमिस्टरचे चांगले ग्रेड कॉलेजांपर्यंत गेलेच नाहीत, आणि ज्याच्या ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या ग्रेडपत्रकावर) जुनियर इयरचे बी आहेत त्याच्याकडे दाखवायला नवीन असं तेवढंच असतं. सगळे ए असलेल्या मुलाचा हा कागद चुकला तर फारसं बिघडत नाही. आपलं बिघडतं.

मार्चमध्ये शाळेतून अनऑफिशियल ट्रान्स्क्रिप्ट काढा आणि नववीपासूनची प्रत्येक ओळ मुलाबरोबर बसून वाचा. पोर्टलवर दिसतो तोच ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर असेल असं धरून चालू नका. एपीचा कोर्स साधा म्हणून नोंदला गेलाय, समरचा कोर्स उतरलाच नाही, अशा चुका आत्ता दुरुस्त होतात. ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरला, म्हणजे प्रवेशाचे कागद पाठवणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, मान वर करायला वेळ नसतो.

मग जीपीए (ग्रेडची सरासरी) तीन वेळा काढा. एकदा अनवेटेड: ए चे ४, बी चे ३, एपी असो वा नसो. एकदा शाळेच्या पद्धतीने वेटेड, म्हणजे कठीण कोर्सला जादा वजन देऊन, जिथे एपीतला बी बहुतेक ठिकाणी ४ धरतात. हे वजन प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, म्हणून बरीच कॉलेजं स्वतःचा हिशोब करतात, आणि म्हणूनच दुसऱ्या गावातल्या मित्राच्या मुलाचा ४.५ आणि आपल्या मुलीचा ४.२ ही तुलना निरर्थक आहे. तिसऱ्यांदा, यादीत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया असेल तर त्यांच्या पद्धतीने. हा हिशोब नीट समजून घ्या, इथे बहुतेकांचं चुकतं. नववी संपल्यानंतरच्या समरपासून अकरावीनंतरच्या समरपर्यंतचे, ए-जी यादीतल्या, म्हणजे या विद्यापीठाने ठरवून दिलेल्या विषयांचे ग्रेड धरतात. नववीचे ग्रेड यात नाहीत. प्लस-मायनसही नाही: ए-मायनस म्हणजे ए, बी-प्लस म्हणजे बी. समजा दहा वर्षभराचे विषय, म्हणजे २० सेमिस्टर-ग्रेड; १४ ए, ६ बी. साधा जीपीए ३.७. एपीच्या प्रत्येक सेमिस्टरला एक जादा गुण, पण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना, आणि त्यातले दहावीचे ४ पेक्षा जास्त नाहीत. ८ भागिले २० म्हणजे ०.४. झाला ४.१. मुलाने सहा एपी घेतले असले तरी तोच ४.१, म्हणून फक्त या आकड्यासाठी पाचवा-सहावा एपी लादू नका. कॅलिफोर्नियाबाहेर राहत असाल तर शाळेच्या ऑनर्स कोर्सला हा जादा गुण मिळत नाही, एपी आणि आयबीला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या कोर्सना) मिळतो. किमान पात्रता कॅलिफोर्नियातल्या मुलांना ३.०, बाहेरच्यांना ३.४. ती उंबरठ्यापुरती आहे. बर्कली किंवा लॉस एंजेलिसला त्यावर प्रवेश मिळेल अशी आशा धरू नका.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी जीपीएपेक्षा रँक पाहावा. तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांना वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना प्रवेश द्यावा लागतो. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने मात्र ही मर्यादा २०२६ च्या फॉल प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आणली आहे. तिथे एपीतल्या एका बी ने रँक किती घसरतो हे आपल्या शाळेच्या वजनावर ठरतं. काउन्सेलरला सरळ विचारा.

आता स्कूल प्रोफाइल. शाळेच्या वेबसाइटवर असतो, नसला तर मागून घ्या. शाळा किती एपी देते, ग्रेडला वजन कसं देते, हे त्यात असतं आणि बहुतेक अर्जांबरोबर तो जातो. याच्याच जोडीला काउन्सेलर एका फॉर्मवर खूण करतो: या शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी मुलाने घेतलेले विषय सर्वांत कठीण, खूप कठीण, कठीण, की सर्वसाधारण. बी कसा वाचला जाईल हे या खुणेवर बरंच अवलंबून असतं. आपण मार्कशीटच्या व्यवस्थेतून आलेली माणसं, कागदावरचा आकडा बोलेल असं धरून गप्प बसतो. इथे आकड्याबरोबर माणूसही बोलतो. म्हणून पालकांसाठीचा प्रश्नावली-फॉर्म शाळेने दिला तर तो एका संध्याकाळी घाईत भरू नका. ‘मेहनती आहे’ असं लिहून काही कळत नाही. पहिल्या क्वार्टरला सी होता, रोज लंचला शिक्षकांकडे बसून सेमिस्टरला बी केला, असं लिहा. आणि काउन्सेलरला भेटाल तेव्हा विचारा: मिड-इयर रिपोर्ट शाळा आपणहून पाठवते, की वेगळा मागावा लागतो? उत्तर लिहून घ्या. अनेक शाळांत पहिल्या ट्रान्स्क्रिप्टची विनंती वेगळी आणि मिड-इयरची वेगळी असते.

‘एपीतला बी बरा की साध्या वर्गातला ए?’ याचं खरं उत्तर असं की फार निवडक कॉलेजांना एपीतला ए हवा असतो. दोन-तीन बी ने दार बंद होत नाही. पण बी कुठे आहेत ते पाहा. इंजिनिअरिंगला अर्ज आणि बी कॅल्क्युलस व फिजिक्समध्ये, तर यादी बदला. तेच बी एपी लिटरेचरमध्ये असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही. बी सरळ रेषेत आहेत, उतरत आहेत की चढत आहेत, हेही बघा.

कॉलेजांची यादी करताना कॉमन डेटा सेट उघडा, म्हणजे कॉलेजने स्वतः प्रसिद्ध केलेली प्रवेशाची आकडेवारी. कॉलेजच्या नावापुढे हेच शब्द टाकून शोधलं की बहुतेकांचा मिळतो. सी ७ मध्ये विषयांची काठिण्यपातळी, जीपीए, रँक यांना किती महत्त्व देतात ते, आणि सी ११ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांचे जीपीए कोणत्या पट्ट्यात आहेत ते. ४.० चा पट्टा फुगलेला असेल तर ते कॉलेज ‘रीच’मध्ये, म्हणजे मिळायला अवघड अशांत टाका. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या ऐकीव आकड्यांपेक्षा हे दोन तक्ते कामाचे.

मे: एपी परीक्षा. वर्गात बी आणि परीक्षेत ५ पैकी ५, हा बी असलेल्या मुलाचा सर्वांत सोपा बचाव आहे, तो फुकट घालवू नका. शाळेचा हात कडक आहे हे त्यातून आपोआप कळतं. मात्र २० जूनपर्यंत मिळणारी फुकट स्कोअर पाठवण्याची सोय वापरू नका. निकाल जुलैत येतो, आणि त्या रिपोर्टमध्ये तुम्ही न पाहिलेले आणि जुने सगळेच स्कोअर जातात. बहुतेक कॉलेजांना अर्जात स्वतः लिहिलेले ४ आणि ५ पुरतात.

मेमध्येच शिक्षकांना शिफारसपत्र मागा, दोघांना, अकरावीच्या. बी देणाऱ्या शिक्षकाला वगळायची घाई नको. मुलाला झगडताना त्यानेच पाहिलेलं असतं.

सीनियर इयरचे विषय: हलके करू नका, पण सगळेच एपी घेऊन आणखी चार बी गोळाही करू नका. जेवढ्यांत ए येईल तेवढे. कारण पुन्हा तेच, हे ए मिड-इयर रिपोर्टवर जाणार आहेत. अर्जात लिहिलेला विषय नंतर सोडला तर कॉलेजला कळवावं लागतं.

एसएटी: कॅलिफोर्नियाची सार्वजनिक विद्यापीठं पाहतच नाहीत. एमआयटी, हार्वर्ड, ऑस्टिन, जॉर्जिया टेक यांना स्कोअर लागतोच. येलला त्याऐवजी एपीचे स्कोअर चालतात. प्रत्येकाचा नियम स्वतः तपासा.

समरमध्ये कॉमन अॅपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा) निबंध, ६५० शब्दांपर्यंत. बी वर निबंध लिहू देऊ नका. आजारपण, घरातला मृत्यू, शाळा बदलणं असं खरं कारण असेल तर अर्जातल्या वेगळ्या रकान्यात तीन ओळी, तक्रारीचा सूर न लावता. काउन्सेलरने लिहिलं तर आणखी चांगलं. शिक्षक कडक होते, हे कारण नव्हे. अॅक्टिव्हिटीज जास्तीत जास्त १०, प्रत्येकी १५० अक्षरांपर्यंत. मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत असेल तर आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे मोजून लिहा.

अर्ली डिसिजन, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन असलेली लवकरची फेरी. मुदत बहुधा १ नोव्हेंबर, म्हणजे सीनियर इयरचा एकही सेमिस्टर-ग्रेड तयार नाही. चढता आलेख दाखवायचा असेल तर ही फेरी आपल्या सोयीची नाही. रेग्युलरमध्ये मिड-इयर रिपोर्ट वाचला जाण्याची शक्यता तरी असते. तरीही करायचंच असेल तर पहिल्या क्वार्टरचे ग्रेड पाठवायला सांगा.

फाफ्सा, सीएसएस प्रोफाइल (दोन्ही आर्थिक मदतीचे अर्ज), फी, पोर्टलचे पासवर्ड: करा.

जानेवारी. सेमिस्टरचे ग्रेड लागले की दुसऱ्या दिवशी काउन्सेलरला ईमेल, सोबत सगळ्या कॉलेजांची नावं. मिड-इयर रिपोर्ट मूल स्वतः पाठवू शकत नाही, शाळेनेच पाठवायचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाला मागितल्याशिवाय काही पाठवायचं नाही, ते नाव यादीतून काढा. जिथे मुलाने ग्रेड स्वतः भरले होते, तिथे पोर्टलवर नवे ग्रेडही बहुधा त्यालाच भरावे लागतात. १५ फेब्रुवारीला एकेक पोर्टल उघडून ‘मिळाला’ असं दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर आधी शाळा, मग कॉलेज, फोन करा. पोर्टलच्या यादीत ती ओळच नसली तरी विचारा. ‘पाठवला असेल’ यावर थांबू नका.

डिफर झालं, म्हणजे अर्ली फेरीतला निर्णय रेग्युलर फेरीवर ढकलला, तर एक पानाचं पत्र आणि मिड-इयर रिपोर्ट. नुसतं पत्र नको.

१ मेपर्यंत निवडलेल्या कॉलेजला डिपॉझिट. जूनमध्ये फायनल ट्रान्स्क्रिप्ट, तोही मागूनच.