हॉटेलात विज्ञानाचा कट्टा भरवायचा असेल तर

वक्ता शोधायला निघू नका. आधी हॉटेल शोधा, आणि हॉटेलवाल्याशी मिक्सरबद्दल बोलून घ्या.

आमचा कट्टा, म्हणजे कॉफी पीत विज्ञानावर गप्पा मारायची बैठक, सांगलीत, विश्रामबागेतल्या एका उडुपी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा भरतो. मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. दिवसभर रक्त-लघवीचे नमुने बघणाऱ्या बाईला हे उद्योग कुणी सांगितले, असं घरचेही विचारतात. पण हल्ली कऱ्हाड, जत, इचलकरंजीहून फोन येतात, "मॅडम, आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं?" फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

मूळ कल्पना फिरत फिरत आलेली. १९९२ मध्ये पॅरिसला मार्क सोते नावाच्या तत्त्वज्ञाने बास्तीय चौकातल्या एका कॅफेत रविवारी लोकांना जमवून तत्त्वज्ञानावर गप्पा सुरू केल्या. ते ऐकून इंग्लंडमधल्या लीड्समध्ये टीव्हीवर विज्ञानाचे कार्यक्रम करणाऱ्या डंकन डॅलस यांनी १९९८ मध्ये तोच प्रकार विज्ञानासाठी केला. मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या लोकांनी २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' चालवलं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात, रविवारी सकाळी. लीड्सचा साचा साधा आहे आणि तो मोडू नका: पाहुण्याने वीस मिनिटं बोलायचं, मग पेयपानाची सुट्टी, आणि त्यानंतर तासभर फक्त प्रश्न. आपल्याकडे हे उलटं होतं. वक्ता सव्वा तास बोलतो आणि "वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ" म्हणून निवेदक घड्याळ बघतो.

तर हॉटेल. तीस-चाळीस माणसं मावतील एवढीच जागा बघा. खुर्च्यांच्या रांगा लावू नका, टेबलं असतात तशी राहू द्या. मालकाला भाडं विचारू नका, त्याचा मंदीचा वार विचारा. आम्ही बुधवार धरला, कारण सोमवारी आणि गुरुवारी निम्म्यांचा उपास, मंगळवारी गणपती मंदिराकडे गर्दी आणि शनिवार-रविवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी संकष्टी आली की सरळ पुढचा बुधवार. आमच्या हॉटेलमालक अण्णांनी एकच अट घातली, "कॉफी किती लागेल ते आधी सांगा, ऐनवेळी चाळीस कप मागू नका." आमचीही एकच अट होती: बोलणं चालू असताना मिल्कशेकचा मिक्सर बंद. सुट्टीत हवा तेवढा फिरवा. ज्याने त्याने आपल्या कॉफीचे पैसे द्यायचे. तिकीट, वर्गणी काही नाही.

पहिल्या बैठकीला मोठं नाव बोलवायच्या भानगडीत पडू नका. विषय टेबलावरचाच घ्या. प्रत्येक टेबलावर एक पांढरी बशी ठेवा आणि सुरुवातीलाच तिच्यावर कोऱ्या कॉफीच्या अर्काचा, म्हणजे डिकॉक्शनचा एक लहानसा थेंब टाका. दूध-साखर नको. पंख्याखाली सुट्टीपर्यंत तो वाळतो, आणि मधे फिकट, कडेला गडद रेघ असा डाग उरतो. हा डाग आपण सगळ्यांनी जन्मभर पुसलाय. तो असा का पडतो, याचा उलगडा शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापला. थेंबाची कड बशीला धरून बसते, सरकत नाही. कडेचं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि जाताना कॉफीचे कण घेऊन जातं. एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात. मग कुणीतरी विचारतंच की दुधाच्या कॉफीचं काय, फिनाइलच्या पाण्याचं काय. उत्तर देऊ नका, दुसरा थेंब टाका.

विषय प्रश्नाच्या रूपातच लिहा. 'जलविज्ञान : एक दृष्टिक्षेप' असा फलक बघून कुणी जिना चढणार नाही. "आयर्विनला चाळीस फूट म्हणजे नदीतून किती पाणी जातं?" असं लिहा, सांगलीचा माणूस चप्पल घालून तयार. इथे पावसाळ्यात शेजारी भेटला की आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी विचारतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. पण धरणातून सोडलेले 'एक लाख क्युसेक' म्हणजे काय, ते नाही. त्या दिवशी पाहुण्याने पंधरा-पंधरा लिटरच्या दोन बादल्या भरून मधे आणून ठेवल्या. थोड्या कमी भरलेल्या, कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. "ह्या दोन बादल्या एका सेकंदात. आता अशा एक लाख जोड्या, दर सेकंदाला." खोलीत चमचा वाजला नाही. पीपीटी असती तर आलेख दाखवला असता आणि लोकांनी मोबाइल काढले असते. म्हणून प्रोजेक्टर नाहीच, आणि पाहुण्याने हातात धरता येईल अशी एक तरी वस्तू आणायचीच.

पाहुणा कोण? विभागप्रमुखापेक्षा पीएचडी करणारी मुलं परवडतात. त्यांना विषय ताजा असतो आणि "हे अजून कुणाला कळलेलं नाही" असं म्हणायची लाज वाटत नाही. आठवडाभर आधी फोन करून वीस मिनिटं बोलायला लावा, मधे तुम्हीच अडाण्यासारखे प्रश्न विचारा. मराठीत बोला म्हणावं, पण डीएनएला डीएनएच म्हणा, उगाच बोजड प्रतिशब्द शोधत बसू नका. मानधन नाही, गाडीभाडं आणि रात्रीचं जेवण आपल्याकडे.

आता शाल-श्रीफळ. महाराष्ट्राला व्याख्यानाची सवय जुनी, पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. त्या सवयीचं मला कौतुकच आहे. पण दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, प्रास्ताविक, आभार यांत पाऊण तास गेला की कॉफीही निवते आणि माणसंही. शिवाय एकदा शाल घातली की त्या माणसाला "तुम्ही म्हणता ते पटलं नाही" असं कोण म्हणेल? आमच्याकडे मी उभी राहून नाव आणि गाव सांगते, खाली बसते. एका स्थानिक पुढाऱ्यांनी अध्यक्षस्थान भूषवायची तयारी दाखवली होती. त्यांना कळवलं, खुर्च्या सगळ्या सारख्याच आहेत, जरूर या.

सगळा जीव आहे तो मधल्या पंधरा मिनिटांत. ही सुट्टी कधीही कापू नका, पाहुणा कितीही रंगात आलेला असो. माणसं शेजाऱ्याला दबक्या आवाजात विचारतात, "धान्य श्वास घेतं म्हणाली, म्हणजे काय रे?" आणि शेजाऱ्यालाही कळलेलं नसतं, तेव्हा प्रश्न तयार होतो. टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा, तुम्ही हिंडत राहा, कान उघडे ठेवा. साठवलेलं धान्य श्वास घेतं का, या विषयाच्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर मार्केट यार्डातले एक निवृत्त हमाल बसले होते. ते शेजाऱ्याला हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल सांगत होते. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, वारं लागू द्यायचं, मग दोरीने कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. मी त्यांना सुट्टीनंतर पहिलं बोलायला लावलं. पाहुण्या मुलीला बंद जागेतला कार्बन डायऑक्साइड आकड्यांत माहीत होता, पेव मात्र तिने पाहिलेलं नव्हतं. तिने त्यांना उलट दहा प्रश्न विचारले. मग तिने सांगितलं की कंदील जळत राहिला म्हणजे खालची हवा माणसाला सुरक्षित असेलच असं नाही, दिव्याचं आणि माणसाचं सोसणं वेगळं. हमालमामा म्हणाले, "म्हणून तर पहिल्याच्या कमरेला दोरी बांधायची." विषय निवडताना हेच बघा: खोलीतल्या कुणाला तरी त्यातलं पाहुण्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

प्रश्नांच्या तासाला संयोजक लागतो आणि तो थोडा उद्धट लागतो. पहिला प्रश्न लहानात लहान हाताला द्या. निवृत्त मंडळी (माझी आवडती माणसं, पण तरीही) प्रश्नाऐवजी भाषण करतात. दोन वाक्यांनंतर हसून विचारायचं, "काका, प्रश्न काय करू त्यातला?" सांगलीत पुराचा विषय निघाला की कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण निघतंच, त्याची उंची ५१९ मीटर का ५२४, आणि मग कर्नाटक सरकार. तो वाद खोटा नाही, पण रात्र पुरत नाही. मी तेव्हा एवढंच विचारते, "हे मोजून तपासायचं तर कुठे, काय मोजावं लागेल?" वाद थांबत नाही, पण वळतो. पत्रिकेतले ग्रह, पाण्याची 'स्मरणशक्ती' असलं काही आलं तरी हाच प्रश्न, ह्याच आवाजात. कुणाला हसू द्यायचं नाही. हसलात तर तो माणूस पुढच्या महिन्यात येणार नाही, आणि खरं तर त्यानेच यायला हवं.

माइक घेऊ नका. माइक हातात आला की लोक वक्ते होतात.

साडेआठला संपवा, चर्चा ऐन भरात असली तरी. तासगावची गाडी गाठायची असते, वेटरना रात्रीची गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. ज्यांना थांबायचंय ते खाली फुटपाथवर थांबतातच. पहिल्या वेळी सात-आठ माणसं आली तर दोन टेबलं जोडा आणि ठरल्याप्रमाणे करा. पुढची तारीख आणि प्रश्न त्याच दिवशी, बिल यायच्या आत सांगून टाका. आणि वेटरला टीप ठेवायला विसरू नका, कारण सुट्टीच्या पंधरा मिनिटांत चाळीस कॉफ्या वरच्या मजल्यावर चढवणारा तोच असतो.