६१७४ पर्यंत पोचायचं कसं

वही आणि पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कारण यातली खरी गंमत वजाबाकी हाताने करताना दिसते. कुठलीही चार अंकी संख्या निवडा, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्याखाली तेच चढत्या क्रमाने, आणि वजा करा. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं. मग ७६४१ − १४६७ केलं तरी ६१७४च!

हे १९४६ मध्ये दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या ध्यानात आलं आणि १९४९ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. देवळालीला शाळेत शिकवत होते ते. म्हणून सहावीच्या वर्गात फळ्यावर पहिली संख्या मी त्यांचं जन्मसाल घेते, १९०५. त्याला पुरत्या सात पायऱ्या लागतात:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता १९४९ स्वतः करून बघा. तिथेही सातच लागतात.

"बाई, माझं शून्य आलं" असं कुणी म्हणालं की मी आधी वहीतलं शून्य शोधते. २१११ − १११२ = ९९९. हे ०९९९ असंच लिहायचं. शून्य गाळलं तर ९९९ मधून ९९९ गेले, संपलं. ठेवलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

हातचा चुकला असेल तर तेही लगेच कळतं. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे, म्हणून अंकांची बेरीज करा: १८ किंवा २७ आली नाही तर वजाबाकी पुन्हा तपासा.

एवढं जमलं की मुलांना वजाबाकीशिवाय उत्तर काढायला लावा. मला हा भाग सगळ्यांत आवडतो. उतरत्या क्रमातल्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांतला फरक प, मधल्या दोन अंकांतला फरक फ. उत्तर नेहमी ९९९प + ९०फ. फ शून्य नसेल तर उत्तराचे अंक ओळीने प, फ − १, ९ − फ, १० − प. म्हणजे कडेच्या दोन अंकांची बेरीज १०, मधल्या दोघांची ८. ९७५३ घ्या: प = ६, फ = २, म्हणून ६, १, ७, ४. एका झटक्यात ६१७४! फ शून्य असेल तेव्हा मधे दोन नऊ येतात, जसे वरच्या ३९९६ मध्ये.

आता सिद्धताही आवाक्यात येते. प १ ते ९, आणि फ त्याहून मोठा होऊच शकत नाही. अशा जोड्या फक्त ५४. म्हणजे हजारो संख्यांपैकी कुठूनही निघा, पहिल्या वजाबाकीनंतर ५४ पैकीच एक उत्तर येणार. त्या ५४ तपासल्या की झालं. वर्गात वाटून दिल्या तर एका तासात होतात.

तीन अंकी संख्या घेतल्या तर मुक्काम ४९५ वर. पाच अंकींना मात्र असा एकच मुक्काम नाही, त्या ठरावीक संख्यांच्या फेऱ्यांत फिरत राहतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना ते फेरे शोधायला द्या.