चरित्र, ललित लेख आणि भयकथा: एकाच उन्हाळ्यात तिन्ही कसे वाचावे

खानदेशात एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारी घराबाहेर पडणे नकोसे होते, आणि वाचणाऱ्या माणसासाठी वर्षातला हाच सर्वांत मोकळा काळ असतो. या दोन महिन्यांत एकाच प्रकारची पुस्तके संपवत बसण्यापेक्षा चरित्र, ललित लेख आणि भयकथा जोडीने वाचाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. तिन्ही प्रकार एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. पण सांगणारा कोण आहे आणि तो काय सांगायचे टाळतो आहे, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी सारखाच उपयोगी पडतो.

पुस्तकांसाठी तालुक्याच्या वाचनालयाचे सभासदत्व पुरेसे आहे. ललित लेख आणि भयकथा यांच्यासाठी तेथे मागील वर्षांचे दिवाळी अंक मागावेत, कारण पुस्तकात न आलेले कितीतरी चांगले लेखन त्यांत पडून असते.

सुरुवात चरित्रापासून करावी आणि त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. पहिल्या प्रकरणाआधी प्रस्तावना वाचून चरित्रकार हा मुलगा आहे, शिष्य आहे की त्रयस्थ अभ्यासक आहे, हे पाहावे. शिष्याने लिहिलेल्या चरित्रात गुरूचे घरातले वागणे बहुधा दोन ओळींत आटोपलेले असते, आणि नेमके तेथेच थांबून वहीत खूण करावी. वहीच्या डाव्या पानावर साल आणि ठिकाण, उजव्या पानावर आपली शंका, एवढी मांडणी पुरे.

आपल्या भागातल्या वाचकाने साने गुरुजींपासून आरंभ करावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी १९३० साली स्वातंत्र्यलढ्यासाठी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ काही दिवसांत लिहून काढली. ही तीन सालें डाव्या पानावर एकाखाली एक लिहून मग ते पुस्तक उघडावे. कोकणातल्या घराचे, विहिरीचे, आईच्या हातच्या जेवणाचे वर्णन करणारा माणूस त्या वेळी कोठडीत होता, हे लक्षात राहिले की प्रत्येक वाक्य निराळे ऐकू येते. श्याम म्हणजे जसेच्या तसे गुरुजी, असे मात्र धरून चालू नये. कोणता प्रसंग चरित्रात सापडतो आणि कोणता फक्त श्यामच्या तोंडी आहे, हे उजव्या पानावर नोंदवत जावे.

ललित लेख दिवसाला एकच वाचावा, तोही सकाळी आणि शक्य झाल्यास मोठ्याने. लेख कोणत्या वाक्याशी वळतो ते शोधणे हे खरे काम. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखात सभेतला वक्ता त्यांची ओळख कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून देतो, आणि त्या ओळखीत काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख त्यांना लागते. ती दूर होते रस्त्यावरच्या शाळकरी मुलांच्या बोलण्याने, जी त्यांना वर्गातल्या एका मुलाची आई म्हणून ओळखतात. वळण इतके लहान असते की भराभर वाचणाऱ्याच्या हातून ते निसटते. महर्षी कर्वे यांचे आत्मवृत्त याच्या शेजारी ठेवून वाचले, तर एकाच घराण्यातली सासऱ्यांची आणि सुनेची लेखणी किती वेगळ्या गोष्टी टिपते, हेही कळते.

भयकथा एका बैठकीत संपवावी. नारायण धारप यांच्या अनेक कथांत अमानवी शक्ती खरोखरच अस्तित्वात असते, तर रत्नाकर मतकरी यांच्या कथांत भीती पुष्कळदा साध्या बिऱ्हाडातून आणि माणसाच्या मनातून वर येते. म्हणून दोघांच्या कथा आलटून पालटून घ्याव्यात. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असताना केळीला पाणी देण्यासाठी मी विहिरीजवळच्या खोलीत बसून बॅटरीच्या उजेडात अशीच एक कथा वाचत होतो. मध्येच वीज गेली, मोटार थांबली, आणि नळीतले उरलेले पाणी थेंबथेंब विहिरीत परत पडू लागले. त्या आवाजाने मी पुस्तक मिटले. सकाळी पहिले पान पुन्हा वाचले तेव्हा दिसले, की ज्या आवाजाने शेवटी घाबरवायचे तो लेखकाने दुसऱ्याच परिच्छेदात, भांडी घासण्याच्या वर्णनात, सहज ठेवून दिला होता.

म्हणूनच प्रत्येक भयकथेचे पहिले पान दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा वाचावे, आणि पेरलेली वस्तू कोणत्या ओळीत आहे ते वहीत उतरवावे. ही सवय दहा-बारा कथांनंतर अंगवळणी पडते. मग मे अखेरीस, मृगाची पेरणी सुरू होण्याआधी, त्याच वहीसह चरित्राकडे परतावे आणि दोन ओळींत आटोपलेल्या त्या घराच्या खुणेपासून वाचायला लागावे.